वेगाची झिंग आणि अदृश्य श्रम

सप्टेंबर २०२५ मध्ये पक्षाच्या २५ व्या महाअधिवेशनासाठी जे साथी चंदीगडला गेले, त्यांनी ते शहर डोळे भरून पाहिले असेल. ल कॉर्बुझिए यांनी आखलेले सरळसोट रुंद रस्ते, ठरावीक अंतरावरची वर्तुळे, वाहनांच्या वेगाप्रमाणे सात प्रकारांत विभागलेले मार्ग आणि क्रमांक दिलेले सेक्टर असा तेथला सारा थाट आहे. फाळणीने लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती आणि १९५१ पासून हे शहर मोटारीच्या युगाला समोर ठेवून उभारले गेले. याच शहराच्या पूर्व कडेला २००५ साली उद्घाटन झालेला टेक्नॉलॉजी पार्क आहे आणि शेजारी मोहालीत काचेच्या इमारती आहेत. परदेशी चित्रपटांतील वेग, स्फोट, आकाशात झेपावणाऱ्या गाड्या आणि बोलणारे प्राणी यांच्यावर जी हजारो तरुण माणसे पडद्यासमोर बसून काम करतात, त्यांपैकी पुष्कळजण अशाच इमारतींत असतात. अधिवेशनाच्या धावपळीत त्या इमारतींत डोकावण्यास सवड मिळणे शक्य नव्हते. परंतु आपल्या सांस्कृतिक आघाडीवर सध्या जो वाद चालू आहे, त्याचा निकाल लावायचा असेल तर त्या इमारतींकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

वाद आहे 'स्पीड रेसर' या अमेरिकी चित्रपटासंबंधी. २००८ सालचा, लाना आणि लिली वाचोव्स्की या भगिनींनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट त्या वेळी सपशेल आपटला. पुढे मात्र त्याचा एक निष्ठावंत चाहतावर्ग तयार झाला आणि आज आपल्या युवक व विद्यार्थी साथींमध्येही त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो : हा डोळे दिपवून बुद्धी बधिर करणारा, भांडवली करमणुकीचा नमुनेदार कचरा आहे, याच्यावर चर्चा करणे म्हणजेच शत्रूचा माल खपविणे होय. दुसरा पक्ष म्हणतो : हा मक्तेदार भांडवलाविरुद्धचा, रंगांच्या स्फोटात दडवलेला क्रांतिकारक चित्रपट आहे, समीक्षकांना तो कळला नाही. आमचे मत असे की दोन्ही पक्ष चुकतात आणि दोघांच्याही चुकीचे मूळ एकच आहे.

प्रथम वस्तुस्थिती

१९६७ साली जपानच्या तात्सुनोको या संस्थेने 'माख गोगोगो' ही मोटार-शर्यतींची व्यंगचित्रमालिका दूरचित्रवाणीसाठी काढली. तात्सुओ योशिदा हे तिचे जनक. अमेरिकेत ती 'स्पीड रेसर' या नावाने गेली आणि तेथल्या एका पिढीच्या बालपणाचा भाग बनली. चाळीस वर्षांनंतर वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तिचा हाडामांसाच्या नटांना घेऊन चित्रपट केला. सुमारे १२ कोटी डॉलर खर्च झाला. जगभरातून साडेनऊ कोटी डॉलरही परत आले नाहीत.

चित्रपट कसा दिसतो हे न पाहिलेल्यांना सांगणे कठीण आहे. नट हिरव्या पडद्यापुढे उभे करून त्यांच्याभोवती सर्व जग संगणकावर रचलेले आहे. जवळचे आणि दूरचे सारेच सारख्या स्पष्टतेने दिसते. माणसांचे चेहरे एकावर एक सरकत जातात, भूतकाळ आणि वर्तमान एकाच चौकटीत धावतात, रंग जत्रेतल्या काचेच्या बांगड्यांसारखे अंगावर येतात. कित्येक समीक्षकांनी डोके दुखल्याची तक्रार केली, कित्येकांनी त्याला व्हिडिओ खेळाची उपमा दिली. थोड्यांनी मात्र म्हटले की चित्रपटकलेला येथे नवीन व्याकरण सापडले आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. एका कुटुंबाचा मोटारी बनविण्याचा छोटा उद्योग आहे. मुलगा अव्वल शर्यतपटू. रॉयल्टन नावाचा बडा भांडवलदार त्याला करार देऊ करतो. मुलगा नाकारतो तेव्हा रॉयल्टन खरे काय ते सांगून टाकतो : मोठ्या शर्यतींचे निकाल गेली कित्येक दशके आधीच ठरलेले आहेत; कोण जिंकणार हे गाडी आणि शर्यतपटू ठरवीत नाहीत, बाजारातील शेअरचे भाव आणि कंपन्यांचे सौदे ठरवितात. नायक तरीही शर्यत जिंकतो, रॉयल्टन तुरुंगात जातो, कुटुंब सुखी होते.

पहिली चूक : तुच्छतेची

पहिल्या पक्षाच्या साथींना आम्ही विचारू इच्छितो : डोळे दिपणे हे केव्हापासून प्रतिगामी ठरले? दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला तेव्हा गर्दी लोटली ती कशासाठी? मारुती आकाशात उडतो, लंका पेटते, हा चमत्कार पडद्यावर पाहण्यासाठी. त्याच फाळक्यांनी काड्यापेटीतील काड्या नाचवून चित्रपट केला होता. गावच्या जत्रेत मौतका कुवाच्या लाकडी भिंतीवर मोटारसायकल भिरभिरते तेव्हा कठड्यावर ओणवून पाहणारा शेतमजूर मूर्ख नसतो. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, विदर्भातील शंकरपटाच्या मैदानावर जो श्वास रोखला जातो, तो कष्टकऱ्यांचाच श्वास असतो. वेगाचे आकर्षण भांडवलदारांनी जन्माला घातलेले नाही. त्यांनी त्याला तिकीट लावले, एवढेच.

आपल्या चळवळीचा इतिहासही हेच सांगतो. सर्गेई आयझेनस्टाइन यांनी १९२३ मध्ये रंगभूमीविषयी लिहिताना 'आकर्षणां'चीच मांडणी केली होती. सर्कस आणि जत्रा यांच्यापासून शिकण्यास 'बॅटलशिप पोटेमकिन'चा हा कर्ता कधी लाजला नाही. एवढेच नव्हे तर वॉल्ट डिस्नेच्या व्यंगचित्रपटांवर त्याने मन लावून चिंतन केले. इकडे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा तमाशा हे माध्यम सभ्य समाजाने ओवाळून टाकलेले होते. आपल्या शाहिरांनी तमाशाला अश्लील म्हणून नाक मुरडले असते तर गिरणगावात लोकनाट्य जन्माला आले असते काय? त्यांनी ढोलकीची थाप उचलली आणि तिच्यावर कामगारांचे सवाल बसविले.

तेव्हा 'फार झगमगीत आहे, म्हणून वाईट आहे' हा निकष वर्गदृष्टीचा नाही. तो मध्यमवर्गीय दिवाणखान्याचा निकष आहे. त्या दिवाणखान्यात गंभीर कला म्हणजे मंद कला, आणि लोकांना जे आवडते ते हलके, असा समज पक्का बसलेला असतो. लोकांच्या आवडीविषयी तुच्छता बाळगणारा पक्ष लोकांत कसा शिरणार? आपल्या सभागृहातील खुर्च्या रिकाम्या आणि मॉलमधील पडदे भरलेले, याचे खापर केवळ प्रेक्षकांच्या जाणिवेवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही.

दुसरी चूक : भाबडेपणाची

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद अधिक आकर्षक आहे, म्हणून त्याचा समाचार अधिक बारकाईने घेतला पाहिजे. या साथींचे म्हणणे असे की, शर्यतीचा निकाल शेअरबाजार ठरवितो हे इतक्या उघडपणे सांगणारा मुलांचा चित्रपट दुसरा दाखवा. मुद्दा बिनतोड आहे, हे आम्ही मान्य करतो. रॉयल्टनचे ते भाषण हॉलिवूडच्या मानाने असाधारण आहे. ते काल्पनिकही नाही. आपल्याच देशात ग्रेटर नोएडाजवळ बुद्ध इंटरनॅशनल सर्किट बांधले गेले. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनच्या गाड्या गरगरल्या. त्याच पट्ट्यात मे २०११ मध्ये भट्टा-परसौलच्या शेतकऱ्यांवर, यमुना द्रुतगती मार्गासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून चाललेल्या आंदोलनात, गोळीबार झाला आणि माणसे मेली. तीन शर्यतींनंतर करांच्या वादात तो खेळ बंद पडला. फॉर्म्युला वनच्या कंपनीने भारतात मिळविलेल्या उत्पन्नावर येथे कर दिला पाहिजे, हे ठरविण्यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. रॉयल्टन असा कोठेतरी दूर कार्टूनच्या देशात राहत नाही.

परंतु चित्रपटाचे उत्तर काय? येथेच साथींची नजर दिपली आहे. रॉयल्टनच्या विरुद्ध उभा कोण राहतो? मोटार बनविणारा कामगार? मुळीच नाही. रॉयल्टनच्या अवाढव्य कारखान्याची सफर आपल्याला घडविली जाते, पण तेथे राबणारी माणसे केवळ पार्श्वभूमीला आहेत. त्यांना तोंड नाही. उभा राहतो तो छोटा मालक. प्रामाणिक बाप, प्रेमळ आई, स्वतःच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने गाडी जोडणारे कुटुंब. म्हणजे चित्रपटाचे म्हणणे एवढेच की वाईट, मोठ्या, लबाड भांडवलाऐवजी चांगले, छोटे, घरगुती भांडवल असावे. स्पर्धा असावी, पण ती स्वच्छ असावी. मक्तेदारी ही मुक्त स्पर्धेच्या पोटीच जन्म घेते हा लेनिनने दाखवून दिलेला धडा येथे उलटा केलेला आहे. आजचे गॅरेज जिंकत राहिले तर उद्याचे रॉयल्टन इंडस्ट्रीज होते, हे गॅरेजवाल्याला पटत नसले तरी इतिहासाला ठाऊक आहे. आणि न्याय मिळतो तो कसा? एक साक्षीदार, एक पोलीस अधिकारी आणि एक विजय यांच्यामुळे. व्यवस्था जशीच्या तशी राहते. तिच्यातला एक गुन्हेगार फक्त गजाआड जातो.

शिवाय हे साथी एक गोष्ट विसरतात. कंपन्यांच्या दुष्टपणाविषयीचा हा चित्रपट विकला कोणी? मॅटेलने त्याच्या खेळण्यातील गाड्या काढल्या, लेगोने खोके काढले, मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणाबरोबर वस्तू वाटल्या. भांडवलशाहीला आपल्या निंदेचाही माल करता येतो आणि त्यावर नफा मिळविता येतो. हा चित्रपट तोट्यात गेला तो त्याच्या निंदेमुळे नव्हे. निंदा खपली असती तर दुसरा भाग निघाला असता.

एक जुना धडा, त्याच आवारातला

हा चित्रपट २००७ साली जर्मनीत, बर्लिनशेजारच्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत चित्रित झाला, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या चर्चेत येत नाही. ती यायला हवी. त्याच आवारात फ्रिट्झ लांग यांनी 'मेट्रोपोलिस' केला, जो १९२७ मध्ये प्रदर्शित झाला. त्या काळी इतका भव्य, इतका डोळ्यांत न मावणारा चित्रपट झालेला नव्हता. त्याच्यावरही मते दुभंगली, एच. जी. वेल्स यांनी तर त्याची टर उडविली. तोही अफाट खर्चाने आपल्या कंपनीला खड्ड्यात घालून गेला. त्यातही जमिनीखाली राबणारे कामगार आणि वर गगनचुंबी इमारतींत राहणारे मालक यांचे चित्र थरकाप उडविणारे आहे. आणि शेवटी काय, तर मालक आणि मुकादम यांचे हस्तांदोलन! हृदय हे डोके आणि हात यांच्यामधील मध्यस्थ असावे, असा उपदेश. स्वतः लांग यांनाही पुढे तो शेवट रुचला नाही. ऐंशी वर्षांनी त्याच आवारात पुन्हा तेच घडले : दृश्य क्रांतिकारक, शेवट समझोत्याचा.

दरम्यान त्या आवाराचे काय झाले? १९४६ पासून तेथे डेफा ही संस्था होती. पूर्व जर्मनीच्या समाजवादी राज्यात तो स्टुडिओ जनतेच्या मालकीचा होता. तेथे सारे आलबेल होते, असा दावा आम्ही करीत नाही. तेथे चित्रपट रोखले गेले, कलावंतांची मुस्कटदाबी झाली, आणि तो इतिहास लपविण्याने समाजवादाची सेवा होत नाही. परंतु १९९० नंतर जर्मन भांडवलदारांच्या राज्याने त्या मालमत्तेचा लिलाव मांडला. १९९२ मध्ये तो स्टुडिओ एका फ्रेंच कंपनीने घेतला, बहुसंख्य कामगार घरी गेले आणि २००४ मध्ये नाममात्र एका युरोला तो पुन्हा हातोहात विकला गेला. त्यानंतर जर्मन सरकारने चित्रपट-निधी स्थापून जनतेच्या पैशातील लाखो युरो हॉलिवूडच्या या चित्रपटाच्या ओंजळीत टाकले. जनतेची मालकी जाते, जनतेचा पैसा मात्र तेथेच जात राहतो. रॉयल्टनची गोष्ट पाहायची तर ती पडद्यावर पाहण्यापूर्वी पडदा जेथे रंगविला गेला तेथे पाहावी.

'जिवंत' म्हणजे काय?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. दोन्ही पक्षांची समान चूक कोणती? दोघेही पडद्याकडेच पाहतात. एकाला पडद्यावर कचरा दिसतो, दुसऱ्याला क्रांती दिसते. पडद्यामागचा श्रम कोणालाच दिसत नाही. मार्क्सने वस्तूच्या गूढपणाविषयी जे सांगितले त्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. माणसामाणसांमधील संबंध वस्तूच्या चकाकीत असे काही लपतात की ती वस्तू जणू आपोआप जन्मल्यासारखी भासते.

चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. 'स्पीड रेसर'ची लांबी सुमारे १३५ मिनिटे. म्हणजे १ लाख ९४ हजारांवर चौकटी. असल्या चित्रपटात नटाची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी काढावी लागते. कडा कोठे सुरू होते, केसांची बट कोठे संपते, हे चौकटीमागून चौकट रेषेने कोरावे लागते. दोऱ्या पुसाव्या लागतात, कॅमेऱ्याच्या हालचाली मोजून जुळवाव्या लागतात. कारागिरांच्या बोलीत याला 'रोटो' आणि 'पेंट' म्हणतात. हे काम विणकराच्या किंवा जरीकाम करणाऱ्याच्या कामासारखे आहे : बारीक, कंटाळवाणे, डोळे आणि मान खाणारे. आणि जरीकामाप्रमाणेच ते जेथे मजुरी स्वस्त तेथे जाते.

ते आपल्याकडे आले आहे. मूळच्या मुंबईच्या प्राइम फोकस कंपनीने गोरेगावपासून चंदीगडपर्यंत पसारा वाढविला. २०१० सालचा 'क्लॅश ऑफ द टायटन्स' हा चित्रपट अवघ्या दहा आठवड्यांच्या आसपास त्रिमित करून दिला म्हणून तिचे नाव झाले. २०१४ मध्ये लंडनची डबल निगेटिव्ह ही संस्था तिच्यात मिळाली. ऑस्कर मिळविणाऱ्या चित्रपटांची यादी त्यांच्याजवळ मोठी आहे. काम येथे होते, बाहुली तिकडे उंचावली जाते. पुण्यातली, नागपुरातली, कोल्हापुरातली किती मुले कर्ज काढून दृश्यपरिणामांचे शिक्षण घेतात आणि मुंबई, बंगळूर, हैदराबाद, मोहाली येथे जातात, हे आपल्या शाखांतील पालकांना विचारावे.

या उद्योगात काय घडते ते जगजाहीर आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेने त्याच महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली होती. तिच्या शाखा मुंबई आणि हैदराबाद येथेही होत्या. समारंभाच्या दारात शेकडो कारागीर निषेध करीत उभे होते आणि आत, त्यांचा प्रतिनिधी संस्थेच्या संकटाचा उल्लेख करू लागताच वाद्यवृंद वाजवून त्याचे भाषण बंद पाडण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जुना समूह कोसळला. त्याच्याच एमपीसी या संस्थेने डिस्नेसाठी २०१९ चा 'द लायन किंग' केला होता, ज्याने दीड अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. समूह कोसळला तेव्हा बंगळूर आणि मुंबई येथील सुमारे तीन हजार कारागिरांच्या नोकऱ्या एकाएकी गेल्या.

'द लायन किंग'ला पुष्कळदा 'लाइव्ह अॅक्शन', म्हणजे जिवंत चित्रपट, असे म्हटले गेले. त्यात एकही जिवंत सिंह नव्हता. जवळजवळ सारा चित्रपट संगणकावर रचलेला. मग त्यात जिवंत होते तरी काय? जिवंत होता तो श्रम. मार्क्सने भांडवलाला जिवंत श्रम शोषून जगणारा मृत श्रम म्हटले होते. व्यंगचित्राचे 'जिवंत' रूपांतर ही या सूत्राची अक्षरशः अंमलबजावणी होय : पडद्यावरचा सिंह डरकाळी फोडतो आणि त्याच्या आयाळीचा एकेक केस ज्याने बसविला तो बेकार होतो.

हा संघर्ष नवा नाही. २९ मे १९४१ रोजी डिस्नेच्या स्टुडिओतील चित्रकारांनी संघटनेच्या हक्कासाठी संप पुकारला. गोड सशांच्या आणि हरणांच्या त्या मालकाने संपाला कम्युनिस्टांचे कारस्थान म्हटले आणि १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपल्याच कामगारांविरुद्ध साक्ष दिली. जपानमध्ये तोएई स्टुडिओत १९६० च्या दशकात चित्रकारांची संघटना लढत होती. पुढे जगप्रसिद्ध झालेले हायाओ मियाझाकी तिचे पदाधिकारी होते. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या दृश्यपरिणाम कारागिरांनी एकमताने संघटनेच्या बाजूने मतदान केले. व्यंगचित्रपटाचा इतिहास हा कामगार चळवळीचाही इतिहास आहे. आपल्या युवक साथींना मियाझाकींचे चित्रपट तोंडपाठ असतात, पण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. दोष त्यांचा नाही, आपला आहे.

पुन्हा चंदीगड

चंदीगडच्या सतराव्या सेक्टरात आदित्य प्रकाश यांनी आखलेले नीलम हे साधे चित्रपटगृह आहे. नव्या प्रजासत्ताकाने आपल्या नव्या शहरात चित्रपटगृहाला मध्यवर्ती चौकात जागा दिली, करमणूक हा नागरिकाचा हक्क मानला. आता मोठे पडदे औद्योगिक वसाहतीत, २०१३ मध्ये उघडलेल्या एलांते मॉलमध्ये आहेत. त्याच औद्योगिक वसाहतीतील कॉलनी नंबर चारची झोपडपट्टी प्रशासनाने १ मे २०२२ रोजी, होय, कामगार दिनी, बुलडोझर लावून जमीनदोस्त केली. ज्यांनी हे शहर बांधले त्यांच्यासाठी त्याच्या आराखड्यात घर नव्हते. आज ज्यांच्या हातांनी पडद्यावरची शहरे बांधली जातात, त्यांच्यासाठी श्रेयनामावलीतही पुष्कळदा जागा नसते. वीट रचणारा आणि चौकट कोरणारा हे एकाच वर्गाचे आहेत. पहिला हे जाणतो. दुसरा अजून स्वतःला 'आर्टिस्ट' समजतो, कारण मालकाने त्याला तेच नाव दिले आहे आणि आपण त्याला दुसरे नाव देण्यास गेलेलो नाही.

येथे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. गिरणगाव संपले, संघटित कारखाने आटले, असे आपण म्हणतो आणि ते खरे आहे. परंतु तरुण कामगारांचे हजारोंचे जथे वातानुकूलित खोल्यांत रात्रपाळी करीत असताना आपण त्यांना ग्राहक समजतो, नोकरदार समजतो, आणि त्यांनी बनविलेल्या चित्रपटावर परिसंवाद घेतो! चित्रपट चांगला की वाईट यावर मते मांडणे सोपे. तो बनविणाऱ्याच्या दारात जाणे कठीण.

आपले काम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अंमलात आणल्या. संपावरील निर्बंध, तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांना टाळेबंदी व कपातीसाठी परवानगीची गरज नाही ही सवलत, मुदतबंद नेमणुकांना मिळालेली मान्यता यांमुळे या संहितांना आपला विरोध आहे आणि तो राहील. परंतु विरोध म्हणजे डोळे मिटणे नव्हे. १९८१ चा सिने-कामगारांचा कायदा गिळून टाकणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत दृक्-श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत अॅनिमेशन आणि व्यंगचित्रण यांचा स्पष्ट समावेश आहे, आणि दृक्-श्राव्य कामगाराशी लेखी करार करण्याचे बंधन आहे. वेतनमर्यादेची पळवाट त्यात ठेवलेली आहे हे खरे. पण जी फट आहे तिच्यात पहार घालणे हे कामगार चळवळीचे जुने कौशल्य आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक कारागिराला लेखी करार आणि जादा तासांचा मोबदला. परदेशी स्टुडिओचे काम घेणाऱ्या कंपनीने वेतनाची रक्कम आधी सुरक्षित ठेवणे, जेणेकरून पॅरिसमधील दिवाळखोरीचा भुर्दंड बंगळूरच्या मुलीला पडणार नाही. श्रेयनामावलीत नाव. सरकार या उद्योगाला ज्या सवलती देते त्या कामगारांच्या हक्कांशी बांधून देणे. आणि संगणकाची नवी यंत्रे हे काम गिळू लागली असताना, त्या यंत्रांचा लाभ कामाचे तास घटण्यात व्हावा, माणसे घटण्यात नव्हे.

साथींनो, 'स्पीड रेसर' जरूर पहा. त्याच्या रंगांनी डोळे दिपले तर लाजू नका. ते दिपविण्याचे कौशल्य कामगारांचे आहे आणि आपल्याच वर्गाच्या कौशल्याचा अभिमान बाळगणे हा गुन्हा नाही. रॉयल्टनच्या भाषणाला टाळी द्यायची असेल तर द्या. पण दिवे लागल्यावर उठून जाऊ नका. शेवटी जी नावे पडद्यावर झरझर वर सरकतात, ती सबंध वाचा. आणि मग ज्यांची नावे तेथे नाहीत त्यांच्या वस्तीत, गोरेगावात, मोहालीत, बंगळुरात, त्यांची पाळी सुटण्याच्या वेळी दारात जाऊन उभे राहा. गिरणीच्या दारात आपण असेच उभे राहत होतो.